जुन्या ड्रमसेटचं हार्डवेअर: सुटं करण्यापासून पुन्हा उभं करण्यापर्यंत

दिवाळीनंतर लग्नांचा आणि जत्रांचा मोसम लागतो आणि माळ्यावर पडून असलेले जुने ड्रमसेट खाली उतरतात. दोनेक महिन्यांपूर्वी गोव्यातल्याच कुडचड्याहून एक मुलगा असाच सेट घेऊन फोंड्याला माझ्याकडे आला. त्याने टेबलावर एक पिशवी ओतली. "काका, सगळं घासून लख्ख करून आणलंय. तुम्ही फक्त जोडून द्या."

तीन ड्रमचे लग (ड्रमच्या अंगावर बसणारे, आत नट असलेले धातूचे ठोकळे), रॉड (त्या नटांत फिरून पडदा ताणणारे लांब स्क्रू), वायसर, स्क्रू, सगळं एका ढिगात. चकचकीत होतं खरं. पण कुठला स्क्रू कुठल्या लगचा हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. घरी जोडून बघताना त्याने दोन रॉड वाकडे घुसवून नटांचे आटे खाल्ले होते, आणि घासणीने घासलेल्या रिमवर, म्हणजे पडदा दाबून धरणाऱ्या कड्यावर, आठवड्याभरात तांबूस ठिपके परत उगवले होते. सेट चाळीस-पन्नास वर्षं टिकला आणि एका रविवारी बिघडला.

या कामात क्रम चुकतो तिथेच नुकसान होतं. आधी ओळख आणि नोंद, मग सुटं करणं, मग धुणं, गंज काढणं, सुकवणं, तेल, आणि शेवटी जोडणी. पॉलिशचा नंबर सगळ्यात शेवटी, तेही वाटलं तर.

तयारी

चार दिवस मोकळे ठेवा. काम तेवढं नसतं, पण सुकायला वेळ लागतो. पावसाळ्यात हे काम काढूच नका. जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता ८० ते ९० टक्क्यांच्या घरात असते, धातू वरून कोरडा दिसतो आणि आटे आतून ओलेच राहतात. ऑक्टोबर अखेर ते मे मधला कुठलाही कोरडा आठवडा चालेल.

लागणारं सामान असं: ड्रमची चावी, खाचेत घट्ट बसणारे दोन-तीन मापांचे स्क्रू-ड्रायव्हर, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, कागदी पाकिटं, पेन, लोहचुंबक, जुने टूथब्रश, भांडी धुवायचं सौम्य लिक्विड, दोन बादल्या, सुती फडकी, केस सुकवायचा ड्रायर, गंज सैल करणारं स्प्रे-तेल, शिलाई मशीनचं तेल, पांढरं लिथियम ग्रीस, गाडीला लावायचं मेण, आणि रंगाच्या दुकानात मिळणारं टर्पेंटाइन. मोबाइलचा कॅमेरा हे सगळ्यात महत्त्वाचं हत्यार.

पक्कड मुद्दाम यादीत घेतलेली नाही. ती समोर असली की हात तिच्याकडे जातो.

१. ओळख आणि नोंद

काहीही सैल करण्याआधी प्रत्येक ड्रमचे चारी बाजूंनी फोटो काढा, आतूनही. मग बॅजपासून, म्हणजे कंपनीच्या नावाच्या पट्टीपासून, सुरुवात करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने लगना १, २, ३ असे नंबर द्या. प्रत्येक लगचे स्क्रू-वायसर त्याच नंबरच्या पाकिटात जातील. एकाच ड्रमवर दोन लांबीचे स्क्रू असू शकतात. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर लगच्या आत टोक लागून तो फुटतो. जुने लग बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचे ओतीव असतात. ते वाकत नाहीत, सरळ तडकतात.

आता लोहचुंबक फिरवा. जोरात चिकटला तर पोलाद: बहुतेक रिम, रॉड, स्टँडचे पाइप. नाही चिकटला तर जस्त, पितळ किंवा अॅल्युमिनियम. कुठल्या धातूला काय लावायचं ते यावर ठरतं, म्हणून वहीत लिहून ठेवा.

मुलामाही बघा. निळसर आरशासारखा असतो तो क्रोम. किंचित पिवळट, ऊबदार झाक असेल तर निकेल. निकेल मऊ असतं, त्यावर क्रोमचं खरखरीत पॉलिश चालवलं की ओरखडे कायमचे.

मग आटे. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. लडविग, स्लिंगरलँड, ग्रेच, रॉजर्स या अमेरिकन सेटचे आणि बहुतेक जपानी सेटचे टेन्शन रॉड १२-२४ मापाचे असतात, म्हणजे साधारण साडेपाच मिलिमीटर जाडी आणि इंचाला २४ आटे. जुन्या ब्रिटिश प्रीमियरमध्ये आणि जर्मन सोनरच्या काही सेटमध्ये माप वेगळं येतं. दिसायला सगळे रॉड सारखेच. हरवलेल्या रॉडच्या जागी दुकानातून आणलेला नवा रॉड दोन वेढे जातो आणि अडतो. मग माणूस चावी लावून जोर करतो, आणि ज्या पितळी नटाने दोन पिढ्या काढल्या त्याचे आटे एका मिनिटात सपाट होतात.

तपासणी: मोसमाआधी एक नवा १२-२४ रॉड विकत घेऊन कायमचा हत्यारपेटीत ठेवा. तो प्रत्येक नटात नुसत्या बोटांनी फिरवून पाहा. पाच-सहा वेढे सहज गेला तर माप जुळलं. सहज जातो पण आत डुलतो, तर नट मोठ्या मापाचा आहे किंवा झिजलाय. दोन वेढ्यांत अडला तर थांबा, जुना रॉड खिशात घाला आणि लेथवाल्याला दाखवा.

प्रीमियरवाल्यांनी आणखी एक मोजावं. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापूर्वीच्या त्यांच्या काही ड्रमचा व्यास आजच्या मापापेक्षा किंचित मोठा आहे, आजचं हेड, म्हणजे वाजवायचा पडदा, त्यावर बसत नाही किंवा अडकून बसतं. हेड बसत नाही म्हणून शेल, म्हणजे ड्रमचं लाकडी नळकांडं, पॉलिश पेपरने घासलेला मी पाहिलाय. कृपा करून तसं करू नका. मापाचं हेड मिळवता येतं, घासलेलं लाकूड परत येत नाही.

२. सुटं करणं

रॉड सैल करताना समोरासमोरचे दोन-दोन घ्या, प्रत्येकी अर्धा वेढा. एका बाजूचे सगळे आधी काढले तर ताण दुसऱ्या बाजूला जातो आणि जुनी रिम वाकते.

स्क्रू अडकला असेल तर आधी स्प्रे-तेल मारून रात्रभर ठेवा. सकाळी स्क्रू-ड्रायव्हर खाचेत पूर्ण बसवा, वरून लाकडी ठोकळ्याने दोन हलके ठोके द्या आणि आधी केसभर घट्ट करा, मग सैल. घट्ट करताना गंजाची पकड मोडते. तरीही हलला नाही तर सोल्डरिंग आयर्न स्क्रूच्या डोक्यावर मिनिटभर टेकवा.

सावधान: ज्योत वापरू नका. हा जस्ताचा मिश्रधातू ४०० अंश सेल्सिअसच्या आतच वितळायला लागतो, आणि शेलवरचा प्लास्टिकचा रॅप त्याच्या कितीतरी आधी फुगतो.

लग निघाला की आतली स्प्रिंग बघा. जुन्या लगमध्ये नट जागेवर धरायला स्प्रिंग असते आणि ती वाजताना गुणगुणते. म्हणून कुणीतरी कधीतरी आत कापूस किंवा फोम कोंबलेला असतो. तो काढून टाका. आपल्या हवेत कापूस जूनपासून ओलावा पितो आणि सप्टेंबरपर्यंत स्प्रिंगला ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो. परवाच्या सेटमधला कापूस बाहेर ओढला तेव्हा तो विटकरी रंगाचा झाला होता आणि स्प्रिंगचे दोन वेढे त्यालाच चिकटून आले. गुणगुण थांबवायला स्प्रिंगवर पातळ प्लास्टिकची नळी चढवा.

३. धुणं

बरेच जण ही पायरी गाळतात. धातूला पाणी लावायचं म्हटलं की लोक दचकतात आणि थेट तेल फवारतात. पण मिरामार असो, कोलवा असो की वास्को, किनाऱ्याजवळच्या प्रत्येक जुन्या सेटवर खाऱ्या वाऱ्याचा थर असतो, आणि आत डिचोली-साखळीकडचा सेट असला तरी वाजवणाऱ्याच्या घामाचं मीठ असतंच. मीठ पाण्यात विरघळतं, तेलात विरघळत नाही. मिठावर तेल मारलं की मीठ तेलाखाली सुरक्षित बसतं आणि ओल मिळताच परत गंज धरतं. "तेल लावूनही गंजतंय" ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न विचारतो: धुतलं होतं का?

एका बादलीत कोमट पाणी आणि लिक्विडचे थोडे थेंब. दुसरीत नुसतं स्वच्छ पाणी. भाग पाच-दहा मिनिटं भिजवा, टूथब्रशने आटे, खाचा, कोपरे घासा, स्वच्छ पाण्यात खळबळा. दुसरीचं पाणी दोनदा बदला. विहिरीचं पाणी खारट असेल तर शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्यात करा.

सावधान: हे फक्त सुट्या धातूच्या भागांसाठी. शेल कधीही धुवायचा नाही, घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचा आणि लगेच कोरडा करायचा. चामडी पट्टे आणि फेल्टही (झांजांखालच्या लोकरी चकत्या) पाण्याबाहेर.

४. गंज काढणं

क्रोमचा चकाकणारा थर एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. त्याखाली निकेल, कधी तांबं, मग मूळ धातू. गंज वरून बसत नाही, बारीक छिद्रांतून खालच्या पोलादाचा वर येतो. म्हणून डाग घालवताना थर वाचवणं महत्त्वाचं.

क्रोम केलेलं पोलाद, म्हणजे रिम आणि पाइप: स्वयंपाकघरातल्या अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चुरगळून पाण्यात बुडवा आणि हलक्या हाताने घासा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ आहे, ओरखडा पडत नाही आणि तांबूस ठिपके निघतात. करडा चिखल तयार होतो, तो पुसत जा. निकेलवर हे करण्याआधी न दिसणाऱ्या बाजूला करून पाहा.

मुलामा नसलेले पोलादी स्क्रू-वायसर: एक लिटर पाण्यात मोठा चमचाभर लिंबूसत्त्व, त्यात तासभर. मग खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून स्वच्छ धुवा.

स्प्रिंगा: आम्लात अजिबात घालू नका. कडक पोलाद आम्लाने ठिसूळ होतं, स्प्रिंग आठवड्याने वाजवताना तुटते. टर्पेंटाइन आणि ब्रश, एवढंच.

जस्ताचे ओतीव लग: साबणपाणी, मऊ फडकं, पुरे.

या शेवटच्या ओळीची किंमत मी मोजलीय. सुरुवातीच्या काळात एका बेस ड्रमचे आठ लग मी रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवले. सकाळी पाणी दुधाळ करडं झालं होतं, आणि लगच्या कडांवरचा क्रोम कांद्याच्या सालीसारखा सुटून वर आला होता. आम्ल छिद्रांतून आत शिरून खालचं जस्त खातं आणि वरचा थर आधाराशिवाय राहतो. ते आठही लग गेले. त्या मालकाला मी काय सांगितलं आणि कसं सांगितलं, ते अजून आठवतं.

घरोघरी समई आणि तांब्याची भांडी चिंचेने, बिंबलांनी, सोलांच्या पाण्याने उजळतात, म्हणून ड्रमलाही तेच लावायचा मोह होतो. पितळेच्या समईवर मुलामा नसतो. लगवर असतो, आणि खाली जस्त असतं. चिंच तिथे चालणार नाही.

लोखंडी तारेची घासणी आणि स्टील वुलही नको. त्यांचे बारीक तुकडे छिद्रांत अडकतात आणि तेच आधी गंजतात. कुडचड्याच्या त्या रिमवरचे ठिपके रिमचे नव्हते, घासणीचे होते.

५. सुकवणं

फडक्याने पुसा, मग सुती चादरीवर पसरून उन्हात दोन तास. वरखाली करा. स्टँडचे पाइप उभे धरून आतलं पाणी गाळा आणि प्रत्येक टोकातून ड्रायरची गरम हवा सोडा.

स्टँडच्या पायांच्या रबरी टोप्या काढल्याशिवाय सुकलं असं म्हणूच नका. टोपीत पाणी साचतं आणि पाइपचं टोक आतून कुजतं. बाहेरून नवा वाटणारा पाय अचानक बसतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच. टोपी निघत नसेल तर कडेला साबणपाणी सोडून फिरवत ओढा.

तपासणी: प्रत्येक नटाच्या भोकात टिश्यू कागदाची वळी घालून काढा. ओलसर आली तर आणखी एक ऊन.

६. तेल, ग्रीस, मेण

प्रत्येकाची जागा वेगळी.

फिरणाऱ्या बारीक भागांना, म्हणजे बेअरिंग, पेडलची बिजागरी, हायहॅटची (पायाने उघडझाप होणाऱ्या झांजांच्या जोडीची) ओढदांडी, शिलाई मशीनचं तेल, एकेक थेंब. स्प्रिंगांना आणि रॉडच्या आट्यांना लिथियम ग्रीस, आट्यांवर तर तांदळाच्या दाण्याएवढंच. दिसणाऱ्या क्रोमवर गाडीचं मेण, पातळ थर, वाळलं की पुसून. मेणाचा थर छिद्रं बुजवतो आणि खारा वारा अडवतो.

गंज सैल करणारं स्प्रे-तेल हे वंगण नव्हे. त्याचं काम आत शिरून सैल करणं, पाणी बाहेर ढकलणं. ते उडून गेलं की भाग कोरडा पडतो. ते मारून काम झालं समजणाऱ्याचं पेडल महिन्याभरात पुन्हा कुरकुरतं.

खोबरेल तर अजिबात नको. घरात हाताशी असतं, म्हणून वापरलं जातं. २४ अंशांच्या आसपास ते थिजतं, म्हणजे डिसेंबरातल्या रात्रीच्या कार्यक्रमात पेडल जड होतं. नंतर ते चिकट होतं, धूळ धरतं आणि मुंग्या आणतं.

तेल कुठे नको तेही सांगतो: ज्या जागा घर्षणाने धरतात तिथे. स्टँडचे पाइप एकमेकांत सरकतात तो भाग, टॉम होल्डरची, म्हणजे लहान ड्रम धरणाऱ्या दांड्याची, पकड, सिंबलचं (झांजेचं) झुकणं धरणारे दाते. तिथे तेल लागलं की स्टँड गाण्याच्या मध्यावर खाली बसतो.

७. लग शेलवर चढवणं

नंबरप्रमाणे. स्क्रू आतून घालायचा, वायसर विसरायचा नाही. आधी सगळे लग नुसते बोटांनी लावा, सगळे सरळ रेषेत आहेत का पाहा, मग स्क्रू-ड्रायव्हरने घट्ट करा. लग शेलवर हलायचा थांबला की आणखी पाव वेढा, बस. त्यापुढे गेलात तर लाकूड दबतं किंवा लगमधले आटे निघतात.

बोट आणि चावी यांचा नियम पुढे सगळीकडे तोच: पहिले पाच वेढे बोटांनीच. बोटांनी जात नसेल तर काहीतरी चुकतंय, आणि चावी ती चूक फक्त खोल घालते.

८. हेड, रिम, रॉड

शेलची कड बोटाने फिरवून पाहा. धूळ, मेणाचा गोळा, फुगलेलं लाकूड जाणवलं तर आधी तिचं बघा. हेड नुसतं ठेवून गोल फिरवा. मोकळं फिरलं पाहिजे. रिम सपाट फरशीवर ठेवा. डुगडुगली तर ती वाकडी आहे आणि तिच्यावर कधीच सूर लागणार नाही.

रॉड लावताना आधी उलट, डावीकडे फिरवा. पहिला आटा जिथे सुरू होतो तिथे एक बारीक "टक" हाताला लागते. तिथून उजवीकडे वळा. या एका सवयीने वाकडा रॉड घुसणं जवळजवळ बंद होतं. मी अजूनही प्रत्येक रॉडला करतो.

सगळे बोटांनी टेकवा. मग समोरासमोर, अर्धा-अर्धा वेढा. एक रॉड इतरांपेक्षा जड फिरत असेल तर त्याला ग्रीस कमी आहे किंवा आटे खराब आहेत. तो बाहेर काढून बघा, जोर लावून बरोबरीला आणू नका.

वरच्या आणि खालच्या हेडला मिळून एकच लग असलेल्या ड्रमवर रॉडची लांबी तपासा. लांब रॉड आत समोरच्या रॉडला टेकतो. तुम्हाला वाटतं हेड ताणलं, प्रत्यक्षात रॉड रॉडला अडलेला असतो.

बेस ड्रमवर वेगळं काही नाही, फक्त पंजे, म्हणजे हूपला धरणारे आकडे, समोरासमोर घ्या आणि लाकडी हूपवर (बेस ड्रमच्या रिमवर) पंजाखाली रबराचा पातळ तुकडा ठेवा. पुढचे पाय असे लावा की पुढचा हूप जमिनीपासून बोटभर वर राहील.

९. स्नेअरची तार

स्नेअर म्हणजे खालच्या हेडला तारा लावलेला ड्रम. तो वाजत नाही, गुदमरतो, किंवा सतत खरखरतो म्हणून लोक हेड बदलत बसतात. बहुतेक वेळा तार तिरकी असते.

लिव्हर, म्हणजे तार हेडला लावणारी-सोडणारी दांडी, खाली, सैल स्थितीत ठेवा. ताणाचा गोल स्क्रू त्याच्या मध्यावर आणा, म्हणजे पुढे घट्ट आणि सैल दोन्हीकडे जागा राहते. तार हेडवर ठेवून दोन्ही टोकांचं कडेपासूनचं अंतर सारखं करा. आधी स्थिर बाजूची पट्टी किंवा दोरी पक्की करा. मग लिव्हरच्या बाजूची, हाताने ताणून, दोन्ही दोऱ्या सारख्या लांबीच्या. एक दोरी मिलिमीटरभर आखूड राहिली तरी तार एका बाजूने उचलते.

लिव्हर वर करा आणि बोटाच्या टोकाने हेडच्या कडेला हळू टिचकी मारा. तार उत्तर देते का ऐका. देत नसेल तर गोल स्क्रू पाव वेढा. तेवढंच करत जा. आवाज कोरडा, दबका झाला की एक पाऊल मागे या.

खालचं हेड वरच्यापेक्षा कितीतरी पातळ असतं. ड्रम उलटा ठेवून त्यावर स्क्रू-ड्रायव्हर, चावी काहीही ठेवू नका.

१०. पेडल

जुन्या पेडलची कुरकुर ऐकून लोक सगळीकडे तेल मारतात आणि नेमकी जागा कोरडी राहते.

लडविगचं स्पीड किंग घ्या, कारण तेच जास्त दिसतं. याच्या स्प्रिंगा बाहेर लटकत नाहीत, दोन्ही उभ्या खांबांच्या आत दाबलेल्या असतात. कुरकुर तिथूनच येते: ग्रीस सुकलं की स्प्रिंग खांबाच्या भिंतीला घासते. पेडल उलटं करा. खांबांच्या तळाशी स्क्रू दिसतील. प्रत्येकी किती वेढे फिरवल्यावर सुटतो ते मोजून वहीत लिहा.

सावधान: स्प्रिंग दाबाखाली आहे. शेवटचे वेढे अंगठा ठेवून, तोंड बाजूला करून. फडक्यावर काम करा म्हणजे उडालेला तुकडा सापडेल.

आतून डांबरासारखं काळं ग्रीस निघेल. टर्पेंटाइनने खांब आणि स्प्रिंग स्वच्छ करा, पूर्ण सुकू द्या, स्प्रिंगला लिथियम ग्रीस चोळा आणि मोजलेल्या तेवढ्याच वेढ्यांवर परत लावा, दोन्हीकडे सारखे. एक बाजू जास्त ताणली की पेडल तिरकं ओढतं आणि बेअरिंग एका अंगाने झिजतं. बेअरिंगला ग्रीस नको, तेलाचा एक थेंब.

चामडी पट्टा असलेलं पेडल असेल तर पट्टा वाकवून बघा. पावसाळ्यात त्याच्यावर बुरशी येते, ती पुसून जाते, पण आतले धागे कमकुवत झालेले असतात. बारीक चिरा दिसल्या तर बदलाच. जुन्या पट्ट्याची लांबी आणि भोकं कागदावर उतरवून चांभाराकडे न्या, तो कमरेच्या पट्ट्याच्या जाडीच्या चामड्यातून करून देतो. लांबी दोन मिलिमीटर चुकली तरी ठोक्याचा कोन बदलतो.

तपासणी: पेडल कानाजवळ धरून हाताने सावकाश दाबा. आवाज असेल तर आताच काढा, स्टेजवर तो मोठा होतो.

११. हायहॅट

ओढदांडी काढून फरशीवर घरंगळवा. वाकडी असेल तर उड्या मारेल. किंचित वाकडी असली तरी ती नळीत घासते आणि तुम्ही स्प्रिंगला दोष देता.

दांडी सरळ, तेलाने पुसलेली, आत स्प्रिंग ग्रीस केलेली. खालच्या झांजेची बैठक थोडी तिरकी ठेवा, नाहीतर बंद करताना मधली हवा अडकून आवाज मरतो. दोन झांजांत दोन ते तीन सेंटिमीटर अंतर. क्लचचा, म्हणजे वरची झांज दांडीला धरणाऱ्या पकडीचा, खालचा नट हाताने घट्ट, आणि वाजवायला बसण्याआधी पुन्हा एकदा.

१२. स्टँड

पाय पसरून आडवे आधार जमिनीला समांतर आणा. एक पाय नेहमी सिंबलच्या बाजूला. आतला पाइप वर काढताना चार बोटं तरी बाहेरच्या पाइपच्या आत राहू द्या. विंग नट फक्त बोटांनी. जुन्या स्टँडमध्ये प्लास्टिकची बुशिंग नसते, धातू थेट धातूला दाबतो, आणि पक्कड लावली की पाइप चेपतो. चेपलेला पाइप मग कधीच नीट सरकत नाही.

वर क्रम: धातूचा वायसर, फेल्ट, नळी, सिंबल, फेल्ट, विंग नट. नळी विसरणं सगळ्यात महाग पडतं. नळीशिवाय स्क्रूचे आटे सिंबलचं भोक करवतीसारखं खातात. नळी मिळत नसेल तर मासे पाळण्याच्या टाकीला लागणारी प्लास्टिकची नळी इंचभर कापून घाला. नट घट्ट पिळू नका, सिंबल मोकळं डोललं पाहिजे.

पावसाळ्याची बेगमी

मे अखेरीस हेडचा ताण एक वेढा उतरवा, क्रोमवर नवं मेण चढवा, फेल्ट सगळी काढून हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. ओलं फेल्ट स्टँडवर राहिलं की खालच्या वायसरला गोल गंजाचा शिक्का पडतो.

सेट प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, आतल्या आत घाम येतो. सुती चादर पुरते. फोम लावलेल्या पेटीत तर पावसाळाभर ठेवूच नका. चिऱ्यांच्या भिंतीपासून हातभर लांब, जमिनीपासून वर, लाकडी फळीवर ठेवा. तळमजल्याची फरशी जूनमध्ये पाझरते, तीच ओल बेस ड्रमच्या रॉडना आधी लागते.

दर पंधरवड्याला एकदा चादर काढा, पंखा लावा, पेडल दहा वेळा दाबा, प्रत्येक विंग नट एकदा सैल करून परत लावा. आणि रबरी टोप्या काढून पाइपच्या टोकांत टिश्यूची वळी फिरवा. तांबूस आली तर त्याच दिवशी तो पाय धुवायला घ्या.